पोराच्या टॅबला कुलूप, आणि आपल्या मोबाईलला?



आज दर, बीज, ठेका यातलं काही लिहीत नाही. घराघरातल्या एका दुखण्यावर लिहितोय. आमच्या घरातही ते आहे म्हणून लिहितोय.

आपला धंदा असा की दिवस मावळायला जाळी टाकायला जायचं आणि पहाटे चारला ती काढायला उठायचं. मधल्या वेळात पोरं शांत बसावीत म्हणून टॅब हातात देतो. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून घेतलेला टॅब. अभ्यास संपला, टॅब राहिला.

आमच्या धाकट्याच्या टॅबवर मी सेटिंगमध्ये जाऊन एका तासाची मर्यादा लावली. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी तास संपला तरी व्हिडिओ चालूच. पोरानं स्वतःच सेटिंग उघडून मर्यादा काढून टाकली होती. टॅब कपाटात ठेवला तर आजीचा मोबाईल घेऊन पांघरुणात. मी ओरडलो तर म्हणाला, "पप्पा, तुम्ही बी बघालाय की!"

खरं सांगतो, माझ्या हातात तेव्हा मोबाईलच होता. कटल्याचा दर ग्रुपवर बघत होतो. उत्तर द्यायला तोंड नव्हतं.

मग सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्याचं मोहित्यांचे वडगाव आठवलं. साधारण तीन हजार वस्तीचं गाव. शाळा पुन्हा सुरू झाल्या तरी पोरांचा मोबाईल सुटेना, म्हणून १४ ऑगस्ट २०२२ ला गावाच्या बैठकीत ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद. ८.३० ला पुन्हा वाजला की मग चालू. त्या वेळचे सरपंच विजय मोहिते यांनी सांगितलं होतं की सुरुवातीला पुरुष मंडळी हसली, पण बायकांनी मनावर घेतलं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं घरोघरी फिरली, समजावून सांगितलं.

तिथली खरी गोष्ट भोंगा नाही. बंद म्हणजे सगळ्यांचं बंद, ही खरी गोष्ट. पोराला एकट्याला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही, आणि रोज वेळ तीच असल्यामुळं घासाघीस होत नाही.

आम्ही घरी तेच केलं. जे उपयोगी पडलं ते सांगतो.

१) टॅबमधली साधी मर्यादा पोरं काढतात. त्यापेक्षा गुगलचं फॅमिली लिंक आपल्या मोबाईलवर घ्या. त्यातनं पोराच्या टॅबला वेळ लावता येतो आणि आपल्या हातानं टॅब बंदही करता येतो. पासवर्ड पोरासमोर टाकू नका.

२) एकामागून एक व्हिडिओ आपोआप लागतो, ते ऑटोप्ले बंद करा. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी सांगा. अर्ध्यात हिसकावून घेतलं की भांडण ठरलेलं.

३) मर्यादा मोडली तर ओरडणं, मारणं नको. आज जास्त झालं तेवढं उद्या कमी. एवढंच, पण चुकता कामा नये. रडला म्हणून एकदा सोडलं की पोराला कळतं, रडलं की मिळतं.

४) आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या. एका घरात दोन कायदे चालत नाहीत.

५) रिकाम्या हाताला काम द्या. आमचा पोरगा आता माझ्याजवळ बसून जाळ्याची फाटलेली घरं विणायला शिकतोय. गाठ वाकडी पडते, पण बसतो.

६) रात्री टॅब आणि सगळे मोबाईल चार्जिंगला बाहेरच्या खोलीत. पहाटेच्या गजरासाठी साधं घड्याळ आणलं.

लहानग्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय: वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. जेवताना मोबाईल लावून घास भरवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सगळं सुधारलं असं म्हणणार नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा एकदा टॅब पांघरुणात सापडला. पण "तुम्ही बी बघालाय की" हे आता ऐकावं लागत नाही.

शेवटी, बोलायचं आणि आपण करायचं नाही असं नको, म्हणून माझ्याकडनं सुरुवात करतो. आजपासून संध्याकाळी ७ ते ८.३० मी संस्थेच्या ग्रुपवर एकही मेसेज टाकणार नाही. दर ८.३० नंतर येईल. तळ्यावर कुणाला अडचण आली तर सरळ फोन करा, तो उचलणारच. होडीमालकांनीही गड्यांना त्या वेळेत मेसेज न करता आधीच निरोप द्यावा, ही विनंती.

तुमच्या घरी काय उपाय चालला तो खाली लिहा. मात्र ८.३० नंतर!

आपला,
सचिव