विमलचा चौथा पराक्रम आणि वाचकांचे दुमत

भुसावळ–खांडवा लोहमार्गावरील आमच्या बऱ्हाणपुरात, जिथे मराठी घरांतही हिंदी रहस्यकादंबऱ्यांचा शौक आहे, तिथे सुरेंद्र मोहन पाठक यांच्या विमलमालिकेतील 'पैंसठ लाख की डकैती' या १९७७च्या चौथ्या कादंबरीचा विषय निघाला की मंडळींचे एकमत होणे दुरापास्त! पाठकांचा सुनील हा पत्रकार १९६३पासून गुन्ह्यांचा छडा लावीत आला. विमल मात्र स्वतःच फरारी गुन्हेगार, आणि येथे तर मायाराम बावा त्याचे पूर्वचरित्र ओळखून, धाकदपटशाने, त्याला अमृतसरच्या बँकेवरील दरोड्यात ओढतो.

त्या दरोड्याच्या पूर्वतयारीचा, जवळजवळ पंचनाम्यासारखा, तपशील कित्येकांना कंटाळवाणा वाटतो, आणि नायकाने इतके परिस्थितिशरण असावे हेही त्यांना रुचत नाही. उलट त्या संथ तयारीतच साथीदारांमधील अविश्वास कसा पिकत जातो, हे चवीने वाचणाऱ्यांत मी मोडतो. योगायोगांचा भरणा (हे विरोधकांचे म्हणणे मला मंजूर आहे) किंचित अधिकच झाला आहे. २००९ साली तिचा इंग्रजी अनुवादही निघाला.

नव्या वाचकाने वस्तुतः 'मौत का खेल' या पहिल्या भागापासून आरंभ करावा; उतावळ्यांनी खुशाल थेट हीच उचलावी.