सर काहीच बोलत नाहीत

२७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांची जयंती, आली की नाशकात त्यांची ‘कणा’ ही कविता ऐकायला मिळते आणि तिच्यामागून ठरलेलं वाक्यही येतं : कुसुमाग्रज आपल्याला संकटांशी लढण्याचा संदेश देतात. कविता आवडते, म्हणूनच त्या वाक्याचा कंटाळा येतो.

एखादा उतारा किंवा कविता वाचायची म्हणजे लेखकाचा संदेश हुडकायचा आणि तो बहुधा शेवटी सापडतो, असा पक्का समज आहे. तसं असतं तर कवीने भिंतीवर ‘लढा’ एवढंच रंगवलं असतं. बाकीच्या ओळी कशाला लिहिल्या?

त्या ओळींत काय आहे ते आधी बघू. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो, असं आपण सांगतो. ‘पूर’ आणि ‘विद्यार्थी’ हे दोन्ही शब्द कवितेत नाहीत. ‘सर’ या हाकेवरून आपण तो विद्यार्थी ठरवला. तर्क योग्यच आहे, पण तर्क आहे हे ध्यानात हवं. खिशाकडे हात जातो. कुणाचा, ते लिहिलेलं नाही. पैसे नाकारून माणूस येण्याचं कारण सांगतो : एकटेपणा. हा शब्द २७ तारखेच्या भाषणांत कधी ऐकलात? शूरवीराच्या चित्रात तो बसत नाही, म्हणून गाळला जातो. लढायला तर त्याने इथे येण्याआधीच सुरुवात केली आहे. भिंत उभी राहतेय, गाळ निघतोय. मग लढण्याचा उपदेश नेमका कुणाला? त्याला पाठीवर हात हवा आहे. तो सरांनी ठेवला का? माहीत नाही. सरांच्या तोंडी अख्ख्या कवितेत एक वाक्य नाही आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत ती संपते.

शिवाय तो बोलतो कसा, ते ऐका. घर धुऊन नेणारी नदी त्याच्या बोलण्यात पाहुणी होते, मग माहेरवाशीण. लेकीला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, या रीतीतच तो सर्वस्व गेल्याचं सांगून टाकतो. हा विनोद आहे की हुंदका? दोन्ही एकाच वाक्यात आहेत. ‘सकारात्मक विचार’ म्हटलं की त्यातला हुंदका पुसला जातो.

हा रोग मराठीपुरता नाही. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावं झाकून विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या आणि त्यांनी काय लिहून दिलं ते १९२९च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये मांडलं. चांगली शिकलेली मुलंही समोरचे शब्द सोडून मनात तयार असलेली भावनाच वाचत होती.

दुसरा समज नाशिकबाहेरचा : कवितेत नदीला गंगा म्हटलंय, म्हणजे ती काशीची. अहो, नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात. दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं यावरून इथे पूर मोजतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणणारा नाशिककर पाण्यावर चालत नाही, काठावर जातो. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त लक्षणा समजावताना नेमकं हेच उदाहरण आहे, गंगेवरच्या गवळीवाड्याचं. नाशिककर ती लक्षणा रोज वापरतो आणि परीक्षेत तिची व्याख्या पाठ करतो. उलट, ‘ही १९६९च्या महापुराचीच कविता’ असं ठासून सांगणारे स्थानिकही भेटतात. कवितेत साल नाही, घाटाचं नाव नाही.

उरलेले समज झटपट. अलंकार ओळखला की रसग्रहण झालं? चेतनगुणोक्ती लिहून गुण मिळतील, पण नदी माहेरवाशीणच का, हा प्रश्न तसाच राहतो. अवघड शब्दांचे अर्थ लागले की उतारा समजला? ‘कणा’त अवघड शब्द किती आहेत, मोजून पाहा. प्रत्येकाचा अर्थ वेगळा, म्हणून सगळे बरोबर? सरांनी पैसे दिले आणि त्याने घेतले, असं कुणी म्हणालं तर ते चूकच. आणि चिरफाड केली की रस जातो म्हणतात. मला तर ‘एकटेपणा’ हा शब्द कितव्या तरी वाचनाला, चिरफाड करतानाच दिसला.