पांढरा शर्ट आणि कॉकपिटचा पडदा

विमानाच्या कॉकपिटमधला पडदा प्रकाशाच्या दोन्ही टोकांना वाचता यावा लागतो. ढगांच्या वर भर दुपारी सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स. जुन्या काटेवाल्या तबकड्यांना उन्हाचा त्रास नव्हता. काळ्या तबकडीवरचा पांढरा काटा उन्हात उलट अधिकच ठसठशीत दिसे. १९८२ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७६७ सारख्या विमानांत स्वतःच्या प्रकाशाने उजळणारे पडदे बसले आणि त्यांची गाठ थेट सूर्याशी पडली.

ही अडचण वैमानिकाच्या पांढऱ्या शर्टावरून चटकन समजते. ऊन पडलेल्या शर्टाचा उजळपणा दर चौरस मीटरला सुमारे २०,००० कँडेला भरतो. साध्या काचेचा पृष्ठभाग पुढ्यातल्या वस्तूचा साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे काचेतल्या शर्टाचे ८०० कँडेला झाले. पडदा स्वतः ५०० चाच असेल, तर उंचीच्या आकड्यांआधी शर्टाची बटणेच नजरेत भरणार. काचेवर परावर्तन रोखणारा लेप दिला आणि ४ टक्क्यांचा अर्धा टक्का झाला, की तोच शर्ट १०० कँडेलावर येतो. पडद्याचा उजेड वाढवत नेला तर वीज आणि उष्णता दोन्ही वाढतात. त्यापेक्षा लेपाचा उपाय शहाणपणाचा.

तपासणीसाठी पडदा गच्चीवर नेऊन भागत नाही. सूर्य सरकतो, मध्येच ढग येतो, कालचे माप आज जुळत नाही. म्हणून आतून पांढऱ्या घुमटात कॉकपिटचा सांगाडा ठेवतात. घुमटावर पाडलेला प्रकाश विखुरतो आणि आकाशासारखा चहूबाजूंनी येतो. सूर्याची जागा झेनॉनचा दिवा घेतो, कारण त्याच्या प्रकाशाचा रंग उन्हाच्या जवळचा असतो. हा दिवा फिरवून कधी खांद्यावरून, कधी बाजूच्या खिडकीतून ऊन पाडतात. झेनॉनमधून अवरक्त किरणही भरपूर निघतात. ते गाळले नाहीत तर एलसीडी पडदा तापून बिघडतो आणि तपासणी प्रकाशाची न राहता भट्टीची होते.

वैमानिकाच्या डोळ्यांच्या जागी प्रकाशमापक ठेवून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक मोजतात. मात्र यंत्राचे डोळे दिपत नाहीत. सूर्य समोर आणि पडदा सावलीत, ही स्थिती खुर्चीत माणूस बसवूनच पाहावी लागते: बाहेर बघून नजर आत वळवली, की आकडा किती लवकर वाचता येतो?

रात्रीच्या चाचणीला काळ्या भिंतींची खोली लागते. डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस-तीस मिनिटे नुसते बसून राहायचे. लढाऊ विमानांत रात्री पाहण्याचे गॉगल वापरले जातात. ते लाल आणि अवरक्त प्रकाशाला फार संवेदनशील असल्यामुळे पडद्यातून त्याची थोडी गळती झाली तरी दृश्य पांढुरके पडते. शिवाय रात्री सगळा प्रकार उलटतो: पडदाच खिडकीच्या काचेत उमटतो. धावपट्टीचे दिवे जिथे दिसायला हवेत तिथेच तो उमटत असेल, तर पडद्यावरच्या छज्ज्याचा आकार बदलावा लागतो.