माहिती चौकट : शांततेचा पुरस्कार गावाला

नांदुरा–मलकापूर महामार्गावरच्या वडनेर भोलजीसारख्या गावात भांडणाचं मूळ बहुतेकदा धुऱ्यात, म्हणजे शेताच्या बांधात असतं. पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्याच्या वखराने हातभर धुरा कोरला, की आधी शिवीगाळ, मग मारामारी, आणि दोन्ही घरांच्या नशिबी वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा.

हे वाद गावातच मिटावेत म्हणून तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभा समिती निवडते आणि समिती दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवते. फौजदारी प्रकरणांत समेट मात्र कायद्याने तडजोडीस पात्र असलेल्या गुन्ह्यांतच होतो. बलात्कार, खून यांत समितीला हात घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

मूल्यमापन २०० गुणांचं. १५० गुण मिळवणारं गाव तंटामुक्त ठरतं. १९० च्या वर गेल्यास विशेष शांतता पुरस्कार. बक्षिसाची रक्कम लोकसंख्येनुसार ठरते.

हा पुरस्कार गावाचा; व्यक्तींच्या सामाजिक कार्यासाठी राज्य शासनाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार आहे; पूर्वी तो ‘दलित मित्र’ म्हणून ओळखला जाई.

पण गावाचा सत्कार होतो तेव्हा तंटा मिटवण्यासाठी रात्री दोन्ही घरी जाऊन, दोघांचीही बोलणी खाऊन, मोजणीच्या दिवशी बांधावर उभा राहिलेला माणूस फलकावर कुठेच नसतो. निदान ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्याचं नाव यायला हवं.