रात्री जेवलोच नाही, मग साखर आली कुठून?

मिरजेत आमच्या लॅबचं शटर सकाळी वर जातं तेव्हा फास्टिंगवाले बाकड्यावर आधीच येऊन बसलेले असतात. कुणी जतचं, कुणी कवठेमहांकाळचं, कुणी तासगावचं. मी टेक्निशियन, रक्त मीच घेते. रिपोर्ट हातात पडला की ठरलेला प्रश्न येतो, "ताई, रात्री नुसतं ताक पिऊन झोपलो. मग १७० कसं काय आलं?" सोबत आलेली सून सासऱ्यांकडे अशी बघते, जणू साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा त्यांच्या उशाखालीच सापडलाय.

बहुतेक वेळा त्या माणसाने खरंच काही खाल्लेलं नसतं. ती साखर त्याच्या यकृताने रातोरात तयार करून रक्तात सोडलेली असते.

फास्टिंगचं रक्त मी राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्ये घेते. तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर त्यातल्या पेशी तासाला पाच-सात टक्के साखर फस्त करतात आणि रिपोर्ट खोटाच कमी येतो. शरीराबाहेर काढलेल्या चार थेंबांची ही तऱ्हा, तर आतला खर्च केवढा असेल! एकटा मेंदूच दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज घेतो, झोपेतसुद्धा. आणि निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा. मागून भरणा झाला नाही तर तासाभरात खडखडाट.

हा भरणा मुख्यतः यकृत करतं, थोडा हातभार मूत्रपिंडाचा. साठ किलोच्या माणसाचं यकृत रात्री तासाला साधारण सात ग्रॅम ग्लुकोज सोडतं. काही आधी साठवलेल्या ग्लायकोजेनमधून, काही नव्याने तयार करून. त्याला कच्चा माल म्हणून स्नायूंकडून आलेलं लॅक्टेट, प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि चरबीतलं ग्लिसरॉल चालतं. साखर न खाल्लेल्या प्राण्याच्याही यकृतातून साखर बाहेर पडते, हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४८ मध्येच दाखवलं होतं. आपल्या घराघरांत मात्र अजून पेढ्याचीच झडती चालू आहे.

या उत्पादनावर ताबा असतो स्वादुपिंडाचा. तिथून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि मग बाकीच्या अंगात पसरतं. इन्सुलिन वाढलं की यकृत हात आखडतं. ग्लुकागॉन हे दुसरं संप्रेरक नेमकं उलटं, ते साखर सोडायला लावतं. टाइप टू मधुमेहात यकृत इन्सुलिनला जुमानत नाही. आमच्याकडे गाळप हंगाम संपला की साखर कारखान्याचा बॉयलर थंड होतो. मधुमेह्याच्या यकृताचा हंगाम बारमाही. जेवणानंतर भाकरीची साखर रक्तात येत असते, तेव्हा ग्लुकागॉन खाली यायला हवं, तेही नीट येत नाही. म्हणजे ताटातली साखर वेगळी आणि यकृताची वेगळी. भरीला पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन चढतात. निरोगी माणसाचं इन्सुलिन ते सावरून घेतं, मधुमेह्याचं कमी पडतं. म्हणून काहींची साखर पहाटे तीनला बरी असते आणि सातला चढलेली.

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. वडील घेवडा करतात, अंगाने काटक, शर्ट अंगावर लोंबतो. त्यांना मधुमेह निघाला तेव्हा गावात कुणाला पटेना. "तात्यांच्या अंगावर मांस नाही, त्यांना कसली शुगर!" याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी शोधलं. १९९३ मध्ये त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी भरली, पण चरबीत त्यामानाने मागे नव्हती. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपल्याकडची चरबी बाहेर दिसत नाही, ती पोटात दडते. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनला आणखीच दाद देत नाही.

ही चरबी हटवता येते, हेही दिसलंय. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला २०११ मध्ये अकरा मधुमेही रुग्णांना अगदी तुटपुंज्या उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. आठवड्याभरात यकृतातली चरबी सुमारे तीस टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखर जाग्यावर आली. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं, आषाढीच्या साबुदाण्यावर नव्हे.

गोळ्यांबाबत एक गैरसमज मी रोज ऐकते, "जेवलोच नाही, तर गोळी कशाला?" मेटफॉर्मिनचं मुख्य कामच यकृताची ही साखर कमी करणं आहे, त्यामुळे आपल्या मनाने ती बंद करू नये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचं गणित वेगळं. त्या इन्सुलिन सोडायला लावतात आणि उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम उतरून घेरी येते. बाकड्यावरच घामाघूम झालेले लोक मी पाहिलेत. आपली गोळी यातली कोणती, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

आणि तपासणीच्या आदल्या रात्री रोजच्यासारखं जेवा. मध्ये आठ ते दहा तास जाऊ द्या. सकाळी पाणी चालेल, चहा नको, बिनसाखरेचाही नको. जमलं तर एचबीए१सी करून घ्या. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, एका रात्रीच्या उपासाने ती हलत नाही.