नऊ क्विंटल खरे होते

गेल्या हंगामात एका गावी हरभऱ्याच्या शेतीशाळेला गेलो होतो. शेतीशाळा संपली, चहा झाला आणि मंडळी पारावर टेकली. एका पोराने मोबाईलवर एक चित्रफीत लावली. एका मोठ्या माणसाचे सोंग कसे उघडे पडले, असा तिचा मथळा होता. कालपर्यंत त्याच माणसाचा फोटो त्या पोराच्या मोबाईलवर झळकत होता. पोरगा हिरमुसला होता.

"साहेब, आता मानायचं तरी कुणाला? ज्याला बघावं त्याचं काहीतरी निघतंच."

शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "मेलेल्याला मान बाबा. त्यो काय आता चुकायचा न्हाय."

सगळे हसले, मीही हसलो. पण परतीच्या एस.टी.त ते वाक्य काही डोक्यातून जाईना. भिंतीवर हार घातलेल्या तसबिरी तेवढ्या थोर, आणि हिंडती-फिरती माणसे सगळी खोटी, असे म्हणून समाज चालेल का? याचा विचार करताना मला माझीच एक जुनी चूक आठवली. शेतकरी बंधू-भगिनींनो, ती आज तुमच्यापुढे कबूल करतो.

तात्यांचा हरभरा

नोकरीची पहिलीच वर्षे होती. एका गावात विजय या वाणाचे प्रात्यक्षिक घेतले होते. ज्यांच्या शेतात घेतले त्यांना गाव तात्या म्हणे. तात्या कष्टाळू, आणि ऐकून घेणारे. बियाण्याला बीजप्रक्रिया केली, पाभरीने ओळीत पेरले, फुलोऱ्याच्या आधी एक हलके पाणी दिले, वेळेवर निंदणी केली. पीक दृष्ट लागण्यासारखे आले.

पीक-कापणीच्या दिवशी मी नियमाप्रमाणे चिठ्ठीने जागा निवडायला हवी होती. तसे केले नाही. विहिरीच्या बाजूला सगळ्यात जोमदार पट्टा होता, तिथेच चौकट आखली. त्या तुकड्याचे वजन घेऊन हिशोब केला तर एकरी १४ क्विंटल उतारा निघाला. तालुक्याचा बातमीदार आला होता, त्याला मी तोच आकडा दिला. दोन दिवसांनी तात्यांचा फोटो छापून आला. वर मथळा होता, 'एकरी १४ क्विंटलचा विक्रम'.

सगळ्या रानाची मळणी झाली तेव्हा एकरी ९ क्विंटल भरले. शेजाऱ्यांचा हरभरा त्या साली ५ च्या वर गेला नव्हता. म्हणजे तात्यांनी जवळजवळ दुप्पट पिकवले होते. पण छापील आकडा १४ होता आणि तो दुरुस्त करायला मी गेलो नाही. वरिष्ठ खूश होते, आणि मीही तरुण होतो.

पुढच्या वर्षी चार गावांतले लोक तात्यांकडून बियाणे घेऊन गेले. कुणाला सात उतरले, कुणाला आठ. आदल्या वर्षापेक्षा सगळ्यांचेच जास्त होते, पण १४ कुणालाच नाही. लोक तात्यांना थापाड्या म्हणू लागले. त्यातच त्या साली ढगाळ हवा पडली, घाटेअळी आली, आणि तात्यांच्या रानाचेही नुकसान झाले. लगेच दुसऱ्या एका पत्रात आले, 'विक्रमवीराचा हरभरा अळीच्या तोंडी'.

मी भेटायला गेलो तेव्हा तात्या काही बोलले नाहीत. काकू चहा देता देता म्हणाल्या, "साहेब, आमी म्हणलो हुतो का चौदा?"

त्या एका प्रश्नाने माझी मान खाली गेली. पुढच्या ग्रामसभेत उभा राहून मी सांगितले की १४ हा आकडा माझा, तात्यांचा ९ आहे, आणि तो खरा आहे. उशीर झाला होता, पण लोकांनी ऐकून घेतले. आज त्या शिवारात हरभरा फेकून पेरणारा माणूस शोधावा लागतो. ती पाभर तात्यांनी सुरू केली.

तात्यांना मोठे ठरवायला नऊ क्विंटल पुरेसे होते. आम्ही ते चौदा केले, आणि मग चौदा नाहीत म्हणून त्यांना खाली ओढले. दोन्ही वेळा नऊ क्विंटलकडे कुणी पाहिलेच नाही.

चौकशीतून गेलेला शास्त्रज्ञ

आता एका खूप मोठ्या माणसाकडे वळू. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचे नाव न ऐकलेला शेतकरी विरळा. १९६४-६५ साली देशात सुमारे १.२ कोटी टन गहू पिकला होता. १९७०-७१ साली तो सुमारे २.४ कोटी टनांवर गेला. नॉर्मन बोरलॉग यांचे बुटके मेक्सिकन वाण, स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन, सरकारचे धोरण आणि शेतकऱ्यांचे कष्ट, असे सगळे त्यामागे होते.

मेक्सिकोचा सोनोरा-६४ हा गहू लाल दाण्याचा. आपल्याकडच्या चपातीला पिवळसर दाणा लागतो. म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत किरणांचा मारा करून त्यापासून 'शरबती सोनोरा' हा वाण काढला. दाण्याचा रंग बदलला, हे खरे होते. पण त्यात लायसिन नावाचा पौष्टिक घटकही वाढला आहे असा जो दावा झाला, तो पुढे बाहेरच्या तपासण्यांत टिकला नाही. १९७०च्या दशकात देशी-विदेशी पत्रांनी त्यावर कडक टीका केली. त्याच सुमारास, १९७२ साली, संस्थेतील एका तरुण शास्त्रज्ञाच्या आत्महत्येनंतर कृषी संशोधनाच्या कारभाराची चौकशी करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर.

ही टीका व्हायला नको होती का? मला तसे वाटत नाही. गव्हाचा दावा म्हणजे लाखो ताटांतल्या घासाचा प्रश्न. तो तपासलाच पाहिजे. पण लायसिनचा दावा टिकला नाही म्हणून दुप्पट झालेला गहू खोटा ठरत नाही. आणि याच स्वामिनाथन यांनी जानेवारी १९६८ मध्ये, हरितक्रांतीचा गजर ऐन भरात असताना, भारतीय विज्ञान परिषदेत इशारा दिला होता. जमिनीचा कस न राखता नुसती ओरबाडणारी शेती, औषधांचा बेसुमार वापर आणि भूजलाचा उपसा शेवटी अंगावर येईल, असे त्यांनी सांगितले होते. पुढे २००४ ते २००६ या काळात राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे ते अध्यक्ष होते. उत्पादन खर्चावर निदान ५० टक्के जास्त धरून हमीभाव द्यावा, ही शिफारस त्याच आयोगाची. २८ सप्टेंबर २०२३ रोजी ते गेले. २०२४ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले.

टीका त्यांनी जिवंतपणी सोसली, आणि कामही जिवंतपणीच केले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मात्र टाकीचा घाव आणि दगडफेक यात फरक आहे. टाकी नको तेवढेच काढते. दगडफेक मूर्तीच फोडते.

दगडफेक काही मोबाईलने आणलेली नाही. गोपाळ गणेश आगरकरांची प्रेतयात्रा पुण्यातल्या लोकांनी ते जिवंत असताना काढली होती. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. त्याच कर्व्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. पूर्वी निंदेला गावोगाव जायला महिना लागे, आता घटका पुरते. एवढाच फरक.

पेरण्याआधी उगवण तपासा

मग करायचे काय? आपण घरच्या सोयाबीनचे करतो तेच. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडतो, गुंडाळून ठेवतो, आणि काही दिवसांनी मोजतो. सत्तर उगवले तर बियाणे पेरणीलायक. तीस उगवले नाहीत म्हणून कुणी पोते उकिरड्यावर टाकत नाही. आणि दुकानदाराने छातीठोक सांगितले म्हणून न तपासता पेरणारा दुबार पेरणीची वेळ ओढवून घेतो.

माणसाचेही तसेच बघा. कुणाची स्तुती वाचा की निंदा, चार गोष्टी विचारा. हे मोजले कुणी? किती रानावर मोजले, तुकड्यावर की सगळ्या शिवारावर? एका वर्षाचे आहे की पाच वर्षांचे? आणि हे सांगण्यात सांगणाऱ्याचा फायदा काय? विहिरीकडचा पट्टा दाखवून जशी स्तुती होते, तशीच खडकाळ कोपरा दाखवून निंदा होते. सबंध रान पाहावे.

आणखी एक सांगतो. ज्याचा हरभरा चांगला, त्याला लगेच गावच्या राजकारणातला, भाऊबंदकीतला आणि लग्नकार्यातलाही शहाणा ठरवू नका. त्याचा हरभरा घ्या. बाकीचे वेगळे तपासा. पण ज्यात तो खरोखर मोठा आहे, तिथे त्याला त्याच्या हयातीत मोठे म्हणा. तसबिरीला हार घालण्यापेक्षा बांधावर जाऊन "तात्या, पेरणी कशी केली?" असे विचारणे हाच मोठा मान.

शेतीशाळेतल्या त्या पोराला मी पुढच्या खेपेला तात्यांची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "साहेब, म्हणजे तुमीच चुकला हुता की!"

"हो," मी म्हणालो, "म्हणून तर सांगतोय."

त्याने वहीत शेतीशाळेतल्या हरभऱ्याच्या वजनाचा आकडा लिहिला. मग माझ्याकडे बघून, न सांगता, चौकटीची जागा चिठ्ठीनेच काढली होती ना, हे विचारून घेतले. मला फार बरे वाटले.