रक्तातले लोह : वारसा आणि ताट

प्रौढ माणसाच्या शरीरात अवघे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. समजा, कोरियातल्या एका घरात दोन बहिणी तोच भात, तीच किमची खातात. तरी एकीच्याच रक्तात लोह कमी. असे का व्हावे?

आपले यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक तयार करते. ते वाढले की आतड्यातून रक्तात जाणारी लोहाची वाट बंद होते. हेप्सिडिनला लगाम घालणारे प्रथिन २२ व्या गुणसूत्रावरील 'टीएमपीआरएसएस-६' या जनुकानुसार बनते. या जनुकाच्या एका प्रकारात हा लगाम ढिला पडतो. कोरियन लोकांतही तो प्रकार आढळतो आणि अशांच्या रक्तात लोह सरासरीने कमी भरते.

मात्र सारे काही जनुकांवर सोपवून चालणार नाही. मासिक पाळीत लोह खर्ची पडते. मांस-मासळीतून ते सहज मिळते. 'क' जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते, तर जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो.

जनुके आपल्या हाती नाहीत, ताट आहे. म्हणून वर्गातली एखादी मुलगी सतत थकलेली दिसली, तर तिला आळशी ठरवण्याआधी तिचे रक्त तपासून घ्यायला सुचवा.